पोचल्याची रिंग

रोज सकाळी तळघरात उतरलं की आत्या एक रिकामा टब उपडा घालायची, त्यावर चढायची आणि झरोक्याकडे हात उंच करून घरी एक रिंग द्यायची. एकच. पलीकडे वाजायला लागल्याचा बारीक आवाज आला की लगेच कापायची, खाली उतरायची, टब सुलटा करून जागेवर ठेवायची आणि इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन उभी राहायची.

इकडे घरी बाबांच्या उशाशी फोन एकदा वाजून गप्प व्हायचा. बाबा म्हणायचे, "पोचली." मग ते चहाला हात लावायचे. त्याआधी नाही. तिला उशीर झाला की चहावर साय धरायची. मी म्हणायचे, "बाबा, प्या की, निवतोय." ते म्हणायचे, "निवू दे. तो कुठे जातोय?"

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. माझी आई आधीच गेली होती. पुढे बाबा दुकानाची पाटी रंगवताना शिडीवरून पडले आणि त्यांच्या कमरेखाली जोर राहिला नाही. रंगाचे डबे पलंगाखाली सरकवले गेले आणि घर आत्याच्या हातावर आलं. ती एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत लागली. त्या हॉटेलला समोरून काचेची दारं होती म्हणे. आत्याने ती कधी पाहिली नाहीत. तिचं हॉटेल मागच्या गल्लीतल्या उतरत्या जिन्याने सुरू व्हायचं आणि तळघरात संपायचं.

ती चष्मा विसरली म्हणून मी एकदा तिथे गेले होते. वाफेने भिंती घामेजलेल्या. दोन-दोन बायका चादरीची टोकं धरून एकमेकींपासून लांब जायच्या, मग एकमेकींकडे चालत यायच्या, हात हाताला लागला की एक घडी व्हायची. पुन्हा लांब, पुन्हा जवळ. आत्याची जोडीदारीण बारकी. नाव बारकी, पण जिन्यातून उतरताना तिला आडवं व्हावं लागे. घडी घालायला जवळ आली की ती दर वेळी आत्याच्या कानात काहीतरी सांगायची, त्यामुळे तिची एक गोष्ट संपायला दहा-बारा चादरी लागायच्या.

आत्याचं टेबल झरोक्याखाली होतं. झरोका अगदी छताला टेकलेला, त्याला लोखंडी गज, आणि पलीकडे रस्त्याचा फुटपाथ. त्यातून फक्त पावलं दिसायची. "तुला सांगते," आत्या म्हणायची, "ह्या गावातल्या निम्म्या लोकांना मी चपलांवरून ओळखते. तोंडं दाखवली तर नाही ओळखणार." तळघरात वारा यायचा तो तिथूनच, आणि फोनला रेंज यायची तीही तिथूनच.

रिंग हीच आमच्या घरातली भाषा होती. एक म्हणजे पोचले. दोन म्हणजे निघाले. वाजतच राहिली तर उचला, काहीतरी झालंय. ती तिसरी कधीच आली नाही. उचलायचं नाही हा नियम, कारण उचललं की पैसे पडतात. लहानपणी मी एकदा पटकन उचलून "हॅलो" म्हटलं होतं. संध्याकाळी आत्या घरी आल्याबरोबर म्हणाली, "कुणाचं गं ते हॅलो? एवढं महागाचं हॅलो आपल्या घरात कुणाला परवडतं?" मी रडकुंडीला आले, तशी तिने मला जवळ घेतलं आणि कानात बारीक आवाजात म्हणाली, "हॅलो. हे बघ, हे फुकट."

मग हॉटेलने लॉन्ड्री एका ठेकेदाराला दिली. ठेकेदार कुणी पाहिला नाही. मुकादम तोच राहिला, फक्त त्याच्या हातातली काठी गेली आणि फोन आला. त्याने सगळ्याजणींना उभं करून सांगितलं, की यापुढे दुसऱ्या दिवशीचं काम आदल्या संध्याकाळी फोनवर येईल. आधी दाबेल तिला मिळेल. हजेरीही फोनवरच, आत आलं की स्वतःचा चेहरा दाखवायचा.

"आणि ज्यांच्याकडे तसला फोन नाही त्यांनी?" आत्याने विचारलं.

"घ्यायचा."

"आणि नाही घेतला तर?"

"नाही घेतला तर नाही घेतला, ताई. माझी काही जबरदस्ती आहे का?"

आत्याला तेव्हा एकच गोष्ट हवी होती. माझं शिक्षण होऊन मला कुठेतरी नोकरी लागेपर्यंत झरोक्याखालचं ते टेबल तिच्याकडे राहायला हवं होतं. "मग खुशाल दुसरीला द्या," ती म्हणायची. मी शिकवण्या घेत होते, त्यातून काही देऊ केलं तर तिचं ठरलेलं उत्तर, "तुझं पुस्तकाचं पुस्तकाला. माझ्या संसारात नाक खुपसू नकोस."

आमच्याच गल्लीत, खिडकीतून दिसेल अशा अंतरावर, फोनवाल्याचं दुकान होतं. त्याच्याकडून आत्याने जुना फोन देऊन वर्षभराच्या हप्त्यांवर नवा घेतला. दुकानातला तो सगळ्यात स्वस्त, तरी आमच्या घरातली तीच सगळ्यात महाग वस्तू झाली. फोनवाल्याने समजावलं, "आत्या, हप्ता चुकला तर ह्याला आपोआप कुलूप लागतं. मग ह्यातून फक्त माझ्या दुकानाचा नंबर लागेल. बाकी सगळं बंद."

"आणि किल्ली तुझ्याकडे?"

"छे हो. कुलूपही वरून लागतं आणि उघडतंही वरूनच."

"वरून?" आत्याने छताकडे पाहिलं. "म्हणजे ह्यातही त्या वरच्याचंच?"

घरी आल्यावर वेगळीच पंचाईत. काचेला आत्याचं बोटच कळेना. इतक्या वर्षांच्या इस्त्रीने तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत आणि कोरडी झाली होती. ती दाबायची, काच ढिम्म. मी दाबलं की लगेच चालायचं. "ह्याला माझं बोट बोटच वाटत नाही," ती म्हणाली, आणि नकळत तिने तेच केलं जे ती तापलेल्या इस्त्रीला करायची: बोट जिभेला लावलं आणि हलकेच टेकवलं. इस्त्री चर्र करायची. फोन उघडला. बाबा पलंगावर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तेव्हापासून आमची संध्याकाळ त्या फोनभोवती गोळा व्हायची. आत्या त्याला भिंतीला टेकवून ठेवायची, शेजारी वाटीत पाणी. कामाची यादी यायची वेळ ठरलेली नव्हती, त्यामुळे ती भाजी चिरायची ती फोनकडे बघत, दार उघडायची ते फोनकडे बघत. टिंग झालं की बोट वाटीत आणि वाटीतून काचेवर. बाबा श्वास रोखून पाहायचे. लागलं की म्हणायचे, "घावलं," आणि नाही लागलं की भिंतीकडे तोंड वळवायचे.

तळघरातली हजेरी म्हणजे आणखी मजा. रेंज झरोक्याशी, त्यामुळे सगळ्याजणी टबासमोर रांगेत. एकेक वर चढणार, गजांच्या उजेडात तोंड धरणार, उतरणार. बारकी चढली की टब कण्हायचा. "हसू नका गं," ती वरून ओरडायची, "हसले तर तो मला ओळखत नाही!" जिचं नेट संपलेलं असेल ती शेजारणीकडे मागायची, विरजण मागावं तसं. "चिमूटभर नेट दे गं, उद्या परत करते." आणि आत्या चेहरा दाखवून झाला की उतरायच्या आधी घरी रिंग द्यायची, एक, आणि कापायची. नव्या प्लॅनमध्ये बोलणं कितीही बोला, फुकट होतं. मी तिला तीनदा समजावलं. ती म्हणाली, "अगं, पण बोलू काय? पोचले, एवढंच तर सांगायचंय."

प्लॅनची गोम पुढे कळली. पगाराचा महिना कॅलेंडरसारखा, आणि फोनचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. दोघं बरोबर निघाले तरी फोनचा दर वेळी थोडा आधी पोचायचा. सुरुवातीला आत्या पगारानंतर सावकाश रिचार्ज करायची. मग ती तारीख सरकत सरकत पगाराच्या दिवसावर आली, आणि मग ओलांडून पगाराच्या अलीकडे गेली, जिथे डब्यात काहीच नसतं. हप्त्याची तारीखही तिथेच. नेट भरावं तर हप्ता चुकतो, हप्ता भरावा तर काम दाबायला नेट नाही.

"इकडे आड तिकडे विहीर," बाबा म्हणाले.

"आणि दोन्हीकडे रेंज नाही," आत्या म्हणाली.

तिने नेट भरलं. काम तरी मिळेल, दोन दिवसांनी पगार झाला की हप्ता भरू, असा तिचा हिशेब. पगार लांबला. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, वरून यायचाय. एका संध्याकाळी आत्याने बोट ओलं करून टेकवलं आणि काच काळी. मध्ये फक्त फोनवाल्याच्या दुकानाचा नंबर. कामाची यादी त्या काळ्या पडद्यामागे येऊन गेली असणार. आत्याने फोन उलटा ठेवला, वाटीतलं पाणी कुंडीत ओतलं आणि निजायची अंथरुणं घालायला लागली, जरा लवकरच.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्याच वेळी निघाली. काम नव्हतं, तरी मागच्या जिन्याशी उभी राहायला. एखादी आली नाही तर मुकादम बदलीवर घ्यायचा, कमी पैशांत. त्या दिवशी एक आली नाही. आत्याला घेतलं, पण टेबल आतल्या बाजूचं, भट्टीजवळचं. झरोक्याखाली दुसरीच कोणी उभी होती.

घरी बाबांचा चहा निवत चालला होता. रिंग येणार नव्हती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी ते कप धरून बसले होते. तेवढ्यात खालून गल्लीतून हाक आली. फोनवाला. नुकतंच शटर उघडून, हातात फोन धरून, खिडकीकडे मान वर करून.

"अहो, आत्या कुठे आहेत? मला मिस्ड कॉल दिलाय. एकदाच वाजला आणि बंद. मी उलट लावला तर लागतच नाही!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे तोंड करून, जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणाले, "पोचली ती!"

"काय?"

"पोचली! तेच सांगायला दिलाय!"

आणि त्यांनी चहा एका दमात पिऊन टाकला.

संध्याकाळी फोनवाल्याने आत्याला गल्लीतच गाठलं. "आत्या, तो नंबर हप्ता भरण्याबद्दल बोलायला आहे. पोचल्याचा निरोप द्यायला नाही."

"दुसरा कुठला लागत असता तर तुला कशाला दिला असता?" आत्या म्हणाली. "तुझंच कुलूप ना? मग सोस थोडं."

"माझं नाही हो, कंपनीचं."

"कंपनीला कुठे माझी गल्ली ठाऊक आहे!"

कुलूप होतं तोवर ती रोज जिन्याशी जाऊन उभी राहायची. आत घेतलं की टबावर चढून फोनवाल्याला एक रिंग. पहिले दोन दिवस तो कुरकुरला. मग शटर वर करता करता फोन वाजला की तो आमच्या खिडकीकडे न बघताच ओरडायचा, "पोचल्या हो!" आणि बाबा आतून, "बरं!" आत घेतलं नाही त्या दिवशी हाक यायची नाही. आत्याच तेवढी परत यायची, पिशवी खांद्याला तशीच, आणि केर काढायला घ्यायची.

पगार झाला. हप्ता, त्यावरचा दंड, सगळं भरलं. काच उजळली. पण झरोक्याखालचं टेबल लगेच परत मिळालं नाही. त्यासाठी आत्याने काय केलं ते मला बारकीकडून पुष्कळ नंतर कळलं. मुकादमाच्या घरचे कपडे ती आठवड्याला इस्त्री करून देत होती, तिथेच, जेवणाच्या सुट्टीत. घरी म्हणायची, "आज भूकच नव्हती."

त्यानंतर तिने हप्ता चुकू दिला नाही. कशातून भरला ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तिच्या चष्म्याची मोडलेली काडी मात्र दोऱ्याने बांधलेलीच राहिली. शेवटचा हप्ता भरून आली त्या दिवशी येताना खाऊ घेऊन आली. फोन टेबलावर ठेवला, दोन पावलं मागे सरकून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चल, आता तू माझा." मला म्हणाली, "सुटले गं. आता तुझी नोकरी लागेपर्यंत घोर नाही."

आठवडा झाला असेल नसेल. संध्याकाळी टिंग झालं, तिने बोट ओलं केलं, टेकवलं, आणि यादीच्या जागी चार ओळी आल्या. मला म्हणाली, "वाच गं, माझ्या चष्म्याला जमत नाही." मी वाचल्या. या फोनवर हे ॲप यापुढे चालणार नाही. कृपया नवीन फोन वापरावा.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. तेच होतं.

फोनवाल्याकडे मी तिच्यासोबत गेले. त्याने फोन हातात घेऊन इकडून तिकडे फिरवला, खरं तर त्याला बघायची गरज नव्हती. "ॲप जड झालंय आत्या. ह्याला झेपत नाही. फोन म्हातारा झाला."

"वर्षाचा म्हातारा? मग मी कोण?"

"तुम्ही तर दुर्मिळ वस्तू," तो म्हणाला, पण हसला नाही. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ह्याच्या वरचा आहे एक. हप्ते थोडे लांब ठेवतो."

दुकानात एक खुर्ची होती. आत्या त्यावर बसली. काउंटरच्या काचेखाली सगळे फोन ओळीने मांडलेले होते, काळे, निजलेले. ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं ती नाही म्हणेल. मी म्हणालेही, "आत्या, सोड ना. मी बघते काहीतरी." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझी परीक्षा कधी आहे?" आणि फोनवाल्याला, "कुठे अंगठा द्यायचा? सही म्हणशील तर सहीही येते मला. बोट तेवढं तुमच्या काचेला चालत नाही."

नव्या फोनचे थोडेच हप्ते झाले होते. तापाचं निमित्त झालं. तिने तो अंगावर काढला, कारण काम दाबून ठेवून गेलं नाही तर पुढचे काही दिवस यादीच दिसत नाही, असा ठेकेदाराचा नवा नियम होता. वाफेत उभी राहायची, बाहेर थंड जिन्यात यायची, पुन्हा वाफेत. शेवटी बारकीनेच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. छातीत पाणी झालं होतं. ती परत आली नाही.

दिवसकार्य झाल्यावर फोनवाला वर आला. पहिल्यांदाच. दारातच उभा राहिला. म्हणाला, आता फोनला कुलूप लागेल, परत दिला तर तो पुढचे हप्ते माफ करवून घ्यायचा प्रयत्न करील. बाबा म्हणाले, "नाही. हप्ते आम्ही भरू."

"कशाला बाबा?" मी म्हणाले.

"तिचे फोटो आहेत त्यात. रोज काढायची ना, टबावर उभी राहून."

आमच्याकडे आत्याचा धड फोटो नव्हता. लग्नातला एक होता, त्यात ती मान खाली घालून. मी शिकवणीच्या पैशातून हप्ता भरला. काच उजळली. मी बोट टेकवलं, लगेच उघडलं. हजेरीचे फोटो त्यात नव्हते. ते निघाले की थेट ठेकेदाराकडे जायचे, फोनमध्ये राहायचेच नाहीत. ॲप उघडलं तर त्याने माझ्याकडे चेहरा मागितला. मी तो धरला. त्याने ओळखलं नाही.

सगळ्या फोनमध्ये एकच फोटो सापडला, कॅमेरा चुकून उलट्या बाजूला झाला असताना निघालेला. छताला टेकलेला झरोका, जाड गज, आणि गजांपलीकडे कुणाची तरी चालती पावलं, जरा हललेली. बाबांनी तो पुष्कळ वेळ डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "तिला माहीत असणार, कुणाच्या चपला ते." फोन आता त्यांच्या उशाशी असतो. हप्ते अजून चालू आहेत. टेबल बारकीला मिळालं.

शेवटचं ती बोलली ते दवाखान्यात, संध्याकाळी. भेटीची वेळ संपली होती, नर्स दोनदा येऊन गेली होती. नवा फोन तिच्या उशाशी होता. मी पिशवी उचलली, चादर नीट केली. तिने चादर माझ्या हातातून काढून घेतली, काठ सारखा केला, अंगठ्याने दाबून घडी बसवली. मी दारापर्यंत गेले तेव्हा तिने हाक मारली.

"घरी पोचलीस की एक रिंग दे गं. मी उचलत नाही."